अण्णांचा तिसरा घोट

विहिरीला पाणी लागलं की आमच्या भागात पहिला नारळ ओझरच्या विघ्नहराला आणि पहिला ग्लास आमच्या अण्णांना. अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपरी पेंढारला आमची पाच एकर शेती. त्यात द्राक्ष, कांदा, आणि दारात दोन म्हशी. पण पंचक्रोशीत अण्णांची ओळख शेतीमुळं नव्हती, जिभेमुळं होती. पाणी गोडं आहे की मचूळ, द्राक्षाला चालेल की नुसत्या कांद्याच्या कामाचं, हे ते तोंडात घेऊन सांगायचे. मचूळ पाणी द्राक्षाच्या मुळाशी गेलं की पानांच्या कडा जळतात आणि बाग बसते. लोक बाटली भरून तपासणीला पाठवायचेच, पण कागद यायला आठवडा जायचा आणि तेवढा दम कुणाला असतो? कागद मागनं, अण्णा आधी.

त्यांची पद्धत ठरलेली होती. स्वतःचा काचेचा ग्लास न्यायचे, जुन्या टॉवेलात गुंडाळून. तांब्यातनं पाणी चाखणाऱ्याचा त्यांना रागच होता. म्हणायचे, येडं तांब्याचीच चव घेतंय. त्या सकाळी चहा नाही, आणि तंबाखू तर जन्मात नाही. पहिल्या घोटानं नुसती चूळ भरायची. दुसरा तोंडात धरायचा, डोळे मिटायचे, आणि तोही थुंकायचा. तिसरा घोट पाणी चांगलं असेल तरच, आणि तो गिळायचा. वाईट असलं तर ग्लास तिथंच मातीत रिकामा करून टॉवेलात बांधायचे. तोंडानं अवाक्षर नाही. त्यामुळं दुसरा घोट थुंकून झाला की विहिरीवरची झाडून सगळी माणसं अण्णांच्या गळ्याकडं बघायची, घाटी हलते का म्हणून.

नव्वदच्या दशकात, शाळेला सुट्टी असली की, मी बऱ्याचदा त्यांच्या बरोबर असायचे. घरी आल्यावर ते मला सांगायचे, ह्यात चुन्याचा अंश होता, त्याला गंजाचा वास होता. उरलेलं पाणी बाटलीतनं घरी आणून मलाही चाखायला लावायचे. पण ते घरात. पोरीच्या जातीनं चारचौघांत उभं राहून चुळा भरायच्या, हे तेव्हा त्यांनाही पचलं नसतं.

बाहेर ह्या जिभेचा मान होता, घरात मात्र जाच होता. आमच्या घरी रोज दुपारी आमटीवरून कोर्ट भरायचं. मीठ एक चिमूट जास्त पडलं की ताट पुढं सरकायचं. आई म्हणायची, "जावा मग हिरीवर, तिथंच जेवा." दोघंही हट्टी. पण दुसऱ्या दिवशी आमटी चुलीवरून उतरवण्याआधी आई पळी घेऊन त्यांच्यापाशीच यायची, आणि ते मान हलवेपर्यंत उभी राहायची.

मी पुढं पुण्याला मायक्रोबायोलॉजी शिकले आणि शिकून वर्षभर घरी बसले. दोन हजारच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पुण्यात तेव्हा लहान प्रमाणावर तऱ्हेतऱ्हेची बिअर बनवायचं खूळ नुकतं निघालं होतं. शहराबाहेरच्या अशाच एका छोट्या ठिकाणी लॅबला माणूस पाहिजे होता. गेले, आणि घेतलं मला. आता हे घरी सांगायचं कसं? अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. मी सांगून टाकलं, जनावरांच्या खाद्याची कंपनी आहे. अगदीच खोटं नव्हतं ते. बिअरसाठी सातू शिजवला की उरलेला चोथा रोज एक गवळी टेम्पोत भरून म्हशींना न्यायचा. एवढ्याशा चोथ्यावर मी माझं खोटं उभं केलं आणि आईनं ते गावभर केलं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी, म्हणजे तिथली बिअर बनवणाऱ्या गृहस्थांनी, माझ्यापुढं एक ग्लास ठेवला. फिकट सोनेरी, वर बोटभर फेस. म्हणाले, ही सेशन एल जातीची बिअर. हिच्यात अल्कोहोल कमी, संध्याकाळभर गप्पा मारत दोन ग्लास प्यायले तरी माणूस आपल्या पायांनी सरळ घरी जातो. मी आयुष्यात बिअरला तोंड लावलेलं नव्हतं. भीतीही वाटत होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मग जे येत होतं तेच केलं. पहिल्या घोटानं चूळ भरली आणि शेजारच्या बेसिनमध्ये थुंकली. दुसरा तोंडात धरला, डोळे मिटले, आणि तोही थुंकला. सर हसायला लागले. म्हणाले, "अहो, वाईनवाले थुंकतात. इथं गिळायचं. कडू घशाशी कळतं."

दुसऱ्याच घोटाला मला कळलं होतं की पाणी चांगलं आहे. वास पपनसाची साल सोलताना येतो तसा, त्याच्या मागं नुकतं कापलेलं गवत. जिभेवर आधी पातळ गोडी, भाकरीच्या पापुद्र्याची असते तेवढीच. आणि मग कडू. ते कडू अंगावर येत नव्हतं, पण होतं, आणि ते गेलं की परत एक घोट घ्यावासा वाटत होता. मी तिसरा गिळला. सरांना म्हटलं, ही बनवली तेव्हा पाणी इथलं रोजचं नव्हतं का हो? ते चपापले. बोअर बंद पडल्यानं त्या दिवशी खरंच टँकर आणला होता. तेव्हापासून सरांनी माझ्या जिभेवर विश्वास टाकला, आणि वर्षभरानं म्हणाले, आता अशीच एक हलकी बिअर तुमच्या हातची करा. बरी झाली तर विकायला ठेवू.

त्याच सुमाराला अण्णा आजारी पडले. मुदतीचा ताप. तीन आठवडे अंथरुणाला खिळले, उठले, हिंडायला लागले. आणि एक दिवस आईचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "तुझे अण्णा आता भांडत न्हाईत गं." मला कळेना, ह्यात रडायचं काय. मग ती म्हणाली, "काल आमटीत मीठच घातलं न्हाई मी. मुद्दाम. जेवलं की, गुमान. वर म्हनलं, चांगली झालीय."

अण्णांची जीभ गेली होती. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तापानं होतं असं कधीकधी, येईल हळूहळू, न आली तर इलाज नाही. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. अण्णांनी बाहेर कुणाला कळू दिलं नाही. विहिरीचं बोलावणं आलं की सबबी सुरू. पाठ धरलीय, पावणं यायच्यात, आज संकष्टी हाय. संकष्टीला पाणी चालत नाही हे मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. ज्या माणसाचा आयुष्यभर एवढा एकच डौल होता, तो माणूस चारचौघं दिसले की मागच्या दारानं रानात निघून जायला लागला. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या दुप्पट वाईट वाटायचं.

मी दोन दिवसांची रजा काढून गेले. बॅगेत हॉप्सची दोन पाकिटं होती. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडूपणा आणि वास येतो तो त्यांचा. ती परदेशातून येतात, वाळवून, दाबून, हिरव्या गोळ्या करून. सरांनी अभ्यास दिला होता, डोळे मिटून दोन्हींचे वास पाठ करा म्हणून. मी गेल्या गेल्या झोपले आणि आईनं सकाळी धुण्यासाठी माझी बॅग उपसली. हिरव्या गोळ्या, कोंड्यासारख्या दाबलेल्या, उग्र वासाच्या. लेक खाद्याच्या कंपनीत. आईला काय शंका येणार? लेकीनं म्हशीसाठी नवीन खाद्याचं सॅम्पल आणलंय असं समजून तिनं मूठभर गोळ्या पेंडीत कालवल्या आणि पाटी म्हशीपुढं ठेवली.

मी दात घासत मोरीत उभी होते. म्हशीनं पाटी हुंगली, फुरफुरली आणि दावं ताणून मागं सरली. अण्णा गोठ्यात आले. आता, अण्णांची एक सवय होती. कुठलंही नवीन खाद्य आलं की म्हशीला घालायच्या आधी चिमूटभर स्वतः चावून बघायचे. पेंड खवट असली, बुरशी लागलेली असली तर गाभण जनावराला धोका असतो. जीभ गेली तरी हात सवयीनं पाटीत गेला. मी तोंडातला फेस थुंकून ओरडेपर्यंत त्यांनी एक गोळी चावलीसुद्धा.

कोरडी हॉप्सची गोळी चावणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मी एकदा केलंय, दिवसभर जेवण गेलं नव्हतं. अण्णांचा चेहरा असा वाकडा झाला की मी धावतच गेले. ते हात वर करून मला थांबवत होते.

"कडू," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अगं, ह्ये कडू हाय."

आई पदराला हात पुसत आली. "अवं, थुका की मग."

"थांब जरा." आणि त्यांनी दुसरी गोळी तोंडात टाकली. मग तिसरी. सात-आठ महिन्यांत ह्या माणसाला कशाचीच चव लागली नव्हती आणि आता ते गोठ्यात उभे राहून ते जहर चघळत होते. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "कुठल्या जनावराला घालत्यात गं ह्ये?"

काय सांगणार? "माणसांना," मी म्हटलं. आणि म्हशीच्या साक्षीनं सगळं सांगून टाकलं. बिअर, सर, लॅब, गवळ्याचा टेम्पो, सगळं. आई मटकन खाली बसली. अण्णांनी पाटी उकिरड्यावर रिकामी केली आणि रानात निघून गेले. अंधार पडल्यावरच परतले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. दुसऱ्या दिवशी आळेफाट्यावर एसटीत बसवायला आले, खिडकीपाशी उभे राहिले, आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "पुढल्या बारीला घिऊन ये. बघू तरी काय करत्यात त्याचं."

महिन्यानं मी माझ्या हातच्या बिअरची बाटली नेली, बर्फाच्या डब्यात घालून. आईनं भर दुपारी पुढचं दार लावून घेतलं. "माळ हाय गळ्यात, जनाची न्हाई तर मनाची," असं तिचं चालूच होतं. अण्णा म्हणाले, "चाखनं म्हंजे पिनं न्हवं. आयुष्यभर थुकतच आलोय मी." आणि ग्लास मागितला. तो विहिरीचाच. आईनं त्यासाठी घरातला दुसरा कुठलाही ग्लास द्यायची तयारी दाखवली, पण दुसऱ्या ग्लासात त्यांना जमेना.

मी ओतली. त्यांनी ग्लास उजेडाला धरला. पहिला घोट, चूळ, बादलीत. दुसरा तोंडात धरून डोळे मिटले. घरात इतकी शांतता की बाहेर म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं. दुसराही बादलीत गेला.

"मागं राहतंय," ते म्हणाले.

"काय?"

"कडू. कडूला माझी हरकत न्हाई. पन ह्ये रेंगाळतंय, कारल्यागत. कडवाट कशी पायजे, दारात यावं, रामराम करावा आन् निघून जावं. ह्ये बसूनच राहिलंय."

हेच. अगदी हेच सर मला दोन आठवडे सांगत होते, फक्त इंग्रजीत. मी म्हटलं, "अण्णा, कडू घशाशी नीट कळतं. गिळल्याशिवाय सगळं नाही कळायचं." ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. "मग अर्धं मी सांगतो, अर्धं तू सांग," म्हणाले. तिसरा घोट काही त्यांनी घेतला नाही. ग्लासाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "माळ नसती तर बघितलं असतं."

मला इतका आनंद झाला की मी भलतंच विचारून बसले. "आणि पाणी? पाणी कसंय त्यातलं?"

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "पानी न्हाई कळलं मला," ते म्हणाले. "खारं न्हाई, गोडं न्हाई. नुसतं कडू तेवढं उघडलंय. हिरीचं पानी कडू असतंय व्हय? कुनाला बोलू नको."

आईनं ग्लास उचलला आणि राखेनं तीनदा घासला. दुसऱ्या दिवशीच्या आमटीत मीठ जरा जास्तच टाकलं तिनं. अण्णा गुमान जेवले.

पुण्याला जाऊन मी पाककृती बदलली. हॉप्स आधी उकळीच्या सुरुवातीला टाकत होते, त्यातले निम्मे काढले आणि अगदी शेवटी, आच बंद करताना टाकले. वास वाढला, आणि कडू आलं, रामराम केला, गेलं. सरांनी एक ग्लास संपवला आणि न बोलता दुसरा ओतून घेतला. विचारलं, हे कसं सुचलं? मी म्हटलं, आमच्या गावाकडं एक जण आहेत, त्यांनी चाखून सांगितलं. ती बिअर आमच्याच आवारातल्या टेबलांवर खपायला लागली. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन म्हातारे मित्र ती घेऊन तासन् तास भांडताना बघितले की मला घरची आमटी आठवायची.

मग निमगाव सावाचे तात्या आले. अण्णांचे मावसभाऊ. त्यांनी नवी विहीर खणली होती आणि तिच्या पाण्यावर द्राक्ष लावायचा विचार होता. तिकडच्या बऱ्याच विहिरी मचूळ, म्हणून माणूस अगदी घायकुतीला आलेला. तीन निरोप अण्णांनी परतवले होते. चौथ्याला तात्या स्वतःच जीप घेऊन दारात. योगायोगानं मी घरी होते.

"अण्णा, तुमी चव घेतल्याबिगर मी एक काडी लावनार न्हाई," तात्या म्हणाले. "पाठ दुखत आसंल तर उचलून नेतो."

अण्णा उठले, टोपी घातली, फडताळातनं टॉवेलात गुंडाळलेला ग्लास काढला. आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे माझ्या मनात. हे अंदाजानं सांगणार. विहिरीच्या दगडावर पांढरं धरलंय का, कडेला गवत कुठलं उगवलंय, एवढ्यावरून त्यांना निम्मं कळलं असतं, आणि त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. चुकलं असतं तर तात्यांची बाग गेली असती. अण्णा मला म्हणाले, "चल."

विहिरीवर दहा-पंधरा माणसं होती. तात्यांनी बादली वर ओढली. अण्णांनी ग्लास बुडवला, उजेडाला धरला, तोंडापर्यंत नेला. आणि थांबले. मला वाटलं आता डोळे मिटतील, मिटून वेळ काढतील. त्यांनी वळून तो ग्लास माझ्यापुढं धरला.

मागनं एक जण हसला. "अण्णा, पोरीला तहान लागली व्हय?"

"माझी जीभ गेली राव," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "तापात गेली. वरीस व्हत आलं. सांगायला लाज वाटत व्हती." तात्यांचा हात बादलीच्या दोरावर तसाच राहिला. "हिची जीभ चालती. माझ्यापरीस बरी चालती. पुण्याला बिअर चाखायच्या नोकरीला हाय ती. खाद्याची कंपनी बिंपनी काय न्हाई, त्ये खोटं व्हतं."

कान तापले माझे. पळून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, सगळ्यांच्या देखत. दोन्हीतलं काही केलं नाही. ग्लास घेतला. सकाळी चहा घेतला नव्हता, हे बरं झालं होतं. पहिल्या घोटानं चूळ भरली आणि मातीत थुंकली. दुसरा तोंडात धरला आणि डोळे मिटले. दगडाचा गारवा, किंचित चुना, गंज नाही. खारट आहे का म्हणून जिभेच्या कडांनी शोधलं, दोनदा शोधलं. तोही थुंकला.

डोळे उघडले तर सगळी माणसं माझ्या गळ्याकडं बघत होती. अण्णाही तिकडंच बघत होते. मी तिसरा घोट घेतला आणि गिळला.